मेटा की मनमर्जी? टीम गेममधे नवीन आलेल्या पोट्ट्यांनी आपला बिल्ड कसा निवडायचा

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा गेम आम्ही चौघांनी सेलमधे एकत्रच घेतला होता, त्यात माझा मावसभाऊ पण. हा पोट्टा लग्नात अन मिरवणुकीत संदल वाजवतो, त्यामुळे त्यानं चौदा हत्यारांची यादी बघितली आणि थेट हंटिंग हॉर्न उचललं. म्हणजे एक भलंमोठं वाद्य, मॉन्स्टरच्या डोक्यात हाणायचं पण तेच आणि सूर जुळवून सगळ्या टीमची ताकद वाढवायची पण त्यानंच. मी तेव्हा चार व्हिडिओ बघून नुकताच शहाणा झालेलो, म्हटलं काय करून राहिला बे, ग्रेट स्वोर्ड घे, डॅमेज कुठाय तुझा. घेतली बिचाऱ्यानं. त्या रात्री एकाच शिकारीत तो तीनदा पडला, आणि या गेममधे पूर्ण टीम मिळून तीनदा पडली की मिशन फेल असते, म्हणजे सगळ्यांच्या वाटचे जीव एकट्यानं संपवले. मी अजून ओरडलो. पुढचे दोन महिने तो ऑनलाइन दिसलाच नाही, मावशीकडे गेलो तर समोर बसून मोबाइलवर कॅरम खेळत होता.

गंमत म्हणजे हॉर्न घेऊन तो आधीच्या आठवड्यात एकदाही पडला नव्हता. हे मला खूप नंतर सुचलं.

तर हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे, आणि थोडा माझ्यासारख्यांसाठीही. टीम करून खेळायच्या गेममधे नवीन आलास की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं की तुझं हत्यार चुकलं, तुझा क्लास चुकला, मेटा बघ. मेटा म्हणजे सध्या सगळ्यात जास्त चालणारी, हिशोबानं सगळ्यात भारी निघणारी निवड. क्लास म्हणजे पात्राचा वर्ग, योद्धा की जादूगार असं. बॉस म्हणजे सगळ्यांनी मिळून पाडायचा मोठा शत्रू. बिल्ड म्हणजे तुझ्या पात्राचं हत्यार, कपडे, कौशल्यं असं सगळं मिळून. डीपीएस म्हणजे दर सेकंदाला तू किती मार देतोस, आणि मार देणाऱ्या खेळाडूला पण डीपीएसच म्हणतात. टँक मार खातो, हीलर बरं करतो. एवढे शब्द आले तर पुढचं सगळं समजते.

पायरी १: गेम कशाची मोजदाद ठेवतो ते आधी बघ

सगळ्या टीम गेमला एकच नियम लावता येत नाही. हे न बघता लोक भांडतात, एक जण एका गेमची सवय दुसऱ्यात घेऊन येतो अन तिथं पोट्ट्यांना शिव्या देत बसतो.

काही गेममधे वेळ मोजला जातो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट किंवा फायनल फँटसी चौदाच्या अवघड लढायांमधे बॉसला एनरेज असतो, म्हणजे ठराविक मिनिटांत मेला नाही तर तो सगळ्यांना एका फटक्यात झोपवतो. इथं डॅमेज कमी पडला तर कितीही छान खेळा, हरलातच. त्यामुळे इथं लोक आकड्यांबद्दल कडक असतात आणि ते पूर्णपणे चूक नाही.

काही गेममधे जीव मोजले जातात आणि ते सामायिक असतात. मॉन्स्टर हंटरचं वर सांगितलंच. हेलडायव्हर्स टू मधे चार जणांची टीम असेल तर मिळून वीस वेळा परत येता येतं, ते संपले की मग एकेक जीव हळूहळू येतो. शिवाय तिथं आपल्याच माणसाला गोळी लागते, बंदच करता येत नाही, त्यामुळे तू ऑर्बिटल तोफ कुठं फेकतोस हा तुझा खाजगी प्रश्न राहत नाही भावा.

आणि काही गेममधे यातलं काहीच कडक नाही. डीप रॉक गॅलॅक्टिक बघ, २०२० मधे पूर्ण रिलीज झाला, डेन्मार्कच्या कंपनीचा आहे, चार बुटके खाणीत उतरतात. वर्ग चार आहेत पण चौघंही एकच वर्ग घेऊन गेले तरी गेम काही म्हणत नाही. किती जण आहेत त्याप्रमाणे किडे कमीजास्त येतात. कोणी पडला तर दुसरा उचलतो. पाचव्या हॅझार्डला, म्हणजे अवघडपणाच्या पाचव्या पातळीला, मात्र हाच गेम गळा धरतो, पण नवीन माणूस तिथं जातच नाही, जाऊ पण नये.

म्हणून गेम घेतल्यावर पहिली गोष्ट ही शोध की इथं हरायला नेमकं काय कारणीभूत होतं. वेळ संपणं, जीव संपणं, की काहीच नाही. तुझ्या मनमर्जीला किती जागा आहे ते त्यावरच ठरतं.

पायरी २: तुला मजा कशात येते?

हे दोन मिनिटांचं काम आहे. रिचर्ड बार्टल नावाच्या इंग्लंडच्या माणसानं, ज्यानं १९७८ च्या सुमारास रॉय ट्रबशॉसोबत मड नावाचा नुसत्या अक्षरांवर चालणारा बहुखेळाडू गेम बनवला होता, त्यानं १९९६ मधे खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले. कोणाला काहीतरी मिळवायचं असतं, कोणाला कोपरे धुंडाळायचे असतात, कोणाला गप्पा मारायच्या असतात आणि कोणाला दुसऱ्यांना छळायचं असतं. तू यातला कोण ते स्वतःशी ठरव, शेवटचा असशील तर टीम गेम सोड आणि दुसरं काही खेळ.

बाकी तिघांना एकाच टीममधे बसवलं की भांडण लागतंच, कारण मिळवणाऱ्याला बॉस पाडायचाय, धुंडाळणाऱ्याला ते विचित्र हत्यार चालते का ते बघायचंय अन गप्पा मारणारा सांगून राहिला की आज मेसमधे परत वांग्याचीच भाजी होती.

पायरी ३: काँट्रीचा हिशोब

आता खरं काम. आपण पोट्टे मिळून सावजी खायला जातो तेव्हा काँट्री काढतो ना, प्रत्येकानं इतके टाकायचे. कोणी मटण खातो कोणी अंडाकरी, त्याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं, पण बिल भरलं पायजे. टीम गेममधे तुझी आवड ही तुझी ताटातली भाजी आहे, आणि बॉसचा जीव हे बिल. लोक डोळे मिटून म्हणतात की मेटा नाही म्हणजे बिल भरलं जाणार नाही. खरंच? आकडे मांडून बघू. हे आकडे मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मनानं घेतलेत, कोणत्या खऱ्या बॉसचे नाहीत.

आठ जणांची टीम, फायनल फँटसी चौदासारखी, दोन टँक, दोन हीलर, चार डीपीएस. बॉसचा जीव ४ कोटी ८० लाख, एनरेज ८ मिनिटांवर म्हणजे ४८० सेकंद. भागाकार केला तर टीमला सेकंदाला १ लाख मार पायजे. समजा प्रत्येक डीपीएस १८ हजार देतो, चौघांचे ७२ हजार. टँक ९ हजार प्रमाणे दोघांचे १८ हजार, हीलर ६ हजार प्रमाणे १२ हजार. एकूण १ लाख २ हजार. म्हणजे सेकंदाला २ हजार शिल्लक, आठ मिनिटांत ९ लाख ६० हजार एवढी ढील आहे.

आता तू आलास तुझा आवडता क्लास घेऊन जो मेटापेक्षा १० टक्के कमी मारतो. १८ हजाराऐवजी १६,२००. आठ मिनिटांत तुझ्यामुळे ८ लाख ६४ हजार कमी पडले. ढील होती ९ लाख ६० हजाराची. बॉस मेला, अगदी काठावर मेला, पण मेला.

तुझ्यासारखाच अजून एक जण आला तर? मग दोघांचे मिळून १७ लाख २८ हजार कमी, ढील संपून वर ७ लाख ६८ हजाराचा खड्डा. एनरेज. आठही जण खाली. म्हणजे एका माणसाची आवड टीमला झेपते, दोघांची नाही झेपत, आणि दोघांना एकमेकांचं माहीतच नसतं, दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात. ही गोष्ट लक्षात ठेव, पायरी ६ मधे लागणार आहे.

पण याच हिशोबात अजून एक आकडा बघ. मेटा क्लास घेतलेला १८ हजारवाला भाऊ सहाव्या मिनिटाला चुकीच्या जागी उभा राहून मेला आणि परत उठवलाच नाही, तर शेवटची १२० सेकंदं तो शून्य देतो. १८ हजार गुणिले १२०, म्हणजे २१ लाख ६० हजार गेले. तुझ्या आवडीमुळे पूर्ण लढाईत जे गेले त्याच्या बरोबर अडीच पट. म्हणून तुझ्या बिल्डवर ओरडणाऱ्याला एकदा विचारून बघ की मागच्या ट्रायला तू किती वेळ जमिनीवर होतास. विचारू नको खरं तर, भांडण होईल, पण मनात हिशोब ठेव.

यातून नवीन माणसानं घ्यायचं एवढंच की आधी जिवंत राहायला शिक, मग बटणांचा क्रम पाठ कर, आणि बिल्ड मेटाचा आहे की नाही हा विषय त्यानंतरचा. माझ्या मावसभावाचं हेच झालं होतं. ग्रेट स्वोर्डचा एकेक वार म्हणजे बस सुटल्यावर तिला थांबवण्यासारखं, एकदा उगारली की मधे फारसं काही करता येत नाही, मॉन्स्टर आला की उभ्या जागी मार खायचा. हॉर्नवर त्याचा हात बसलेला होता. कागदावर भारी हत्यार त्याच्या हातात तीन जीव खाऊन गेलं.

पायरी ४: खालची रेघ कुठं आहे ते ओळख

आता उलट बाजू, कारण वरचं वाचून काही जण म्हणतील बस मग, भाऊनं सांगितलं मनाला येईल ते करा. तसं नाही सांगितलं.

फायनल फँटसी चौदामधे ब्लॅक मेज नावाचा जादूगार आहे. आगीच्या मंत्रांनी खरा मार देतो, पण त्यात मना म्हणजे जादूची ताकद भरभर संपतो, मग बर्फाच्या मंत्रांवर येऊन मना भरून घ्यायचा अन परत आगीवर जायचं. आता काही महाभाग असतात ज्यांना बर्फ आवडतो म्हणून ते फक्त बर्फच टाकतात. आईस मेज म्हणून तिथं चेष्टेचा विषयच आहे तो. कोणी बोललं तर उत्तर ठरलेलं, माझ्या गेमचे पैसे तू भरतो का. नाही भरत बाबा, पण बाकी सात जण त्यांच्या संध्याकाळचे भरून राहिले ना.

थोडा कमजोर क्लास घेणं आणि क्लास घेऊन त्याचं कामच न करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आवड आहे. दुसरीत तू काँट्री न टाकता जेवायला बसला.

हे ओळखायला मी एक प्रश्न वापरतो. ही गोष्ट माझ्या प्लेटमधे आहे की पातेल्यात? आमच्या नागपुरात बर्डीवर किंवा कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खाताना कोणी वरून किती तर्री घेतो ते त्याचं त्यानं बघावं, घाम पुसत पुसत खाऊ दे त्याला. पण तीच वाटी तो गाडीवाल्याच्या पोह्यांच्या पातेल्यात उपडी करायला लागला तर मागं लाइनमधे उभे असलेले बोलणारच.

डीप रॉकचा स्काउट घे. कोणती बंदूक घ्यायची, तिला कोणता ओव्हरक्लॉक (खास बदल) लावायचा, टोपी कोणती, दाढी कोणती, हे सगळं प्लेट. पण स्काउटजवळ फ्लेअर गन असते, पूर्ण गुहा उजळवणारी, बाकी कोणाकडेच तशी नसते, आणि ती न मारता अंधारात हिंडणारा स्काउट म्हणजे पातेलं. बाकी तिघं अंधारात कोळ्यांना चाचपडत बसतात. तसंच इंजिनिअरनं उंचावरच्या खनिजाखाली प्लॅटफॉर्म मारून द्यायचा, म्हणजे स्काउट दोरानं वर जाऊन उभा राहून खोदू शकतो, नाही तर लटकून पडतो खाली. ड्रिलरनं बोगदा, गनरनं झिपलाइन अन शील्ड. एवढं केलं तर तुझी बंदूक मेटात बसते का हे विचारायला कोणी येत नाही, माझा तरी आतापर्यंतचा अनुभव हाच आहे.

हीलरचं पण सांगतो कारण आपल्याकडे घरातल्या पोट्टीला किंवा नवीन माणसाला हीलर देऊन टाकायची एक वाईट पद्धत आहे, सोपं असतं म्हणे. सोपं बिलकुल नाही. फायनल फँटसीत हीलरनं रिकाम्या वेळात मार पण द्यायचा असतो, वरच्या हिशोबात हीलरचे १२ हजार काढून टाक अन बघ बिल भरतं का. आमच्या ग्रुपमधली एक ताई, मेडिकलला रात्रपाळी करते, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रात्रभर लोकांना बरंच करते बे मी, इथं तरी मला तोडफोड करू द्या. आम्ही तेव्हा हसलो. तिला टँक दिला आणि आता ती आमच्यात सगळ्यात भरवशाची आहे, बॉस तिच्याकडून हलतच नाही.

पायरी ५: गाइड वाचायची पण डोळे उघडे ठेवून

मेटा गाइड वाईट नसतात, मी रोज वाचतो. फक्त तीन गोष्टी बघितल्याशिवाय त्यातलं काही उचलू नको.

पहिली, तारीख. हेलडायव्हर्स टू फेब्रुवारी २०२४ मधे आला आणि पहिल्या महिन्यात रेलगन अन शील्डची बॅग हेच दोन शब्द ऐकू यायचे. रेलगन नसेल तर लोक टीममधून काढायचे, लेव्हल कमी असेल तर ती विकत घेता येत नसायची, म्हणजे नवीन पोट्ट्यांनी जायचं कुठं. मार्च २०२४ च्या पॅचमधे, म्हणजे गेमच्या अपडेटमधे, कंपनीनं रेलगन कमजोर केली आणि रातोरात तो मेटा उडाला. मग त्याच वर्षी सप्टेंबरमधे मोठा पॅच आला आणि कितीतरी हत्यारं परत दमदार झाली. ज्यांनी फेब्रुवारीतलं एकच पाठ केलं होतं त्यांना दोनदा नव्यानं शिकावं लागलं, आणि जे सुरुवातीपासून पाच-सहा हत्यारं हाताळत बसले होते, ज्यांच्यावर लोक हसत होते, त्यांचं काहीच अडलं नाही.

दुसरी गोष्ट, कोणत्या लेव्हलसाठी लिहिलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मधे आला तेव्हा चाळीस-चाळीस जणांच्या रेड, म्हणजे मोठ्या टीमच्या लढाया, असायच्या, आणि ड्रुइड, पॅलाडिन, शामन असे दोन-तीन कामं करू शकणारे क्लास घेतलेल्यांना रेडमधे बहुतेक वेळा एकच सांगितलं जायचं, तू हील कर. तलवार आवडते म्हणून पॅलाडिन घेतला अन वर्षभर बरं करण्यात गेलं. पुढे कंपनीनंच हळूहळू त्या क्लासना मार देण्यासाठी सुधारलं. मग २०१९ मधे तोच जुना गेम क्लासिक म्हणून परत काढला तर लोकांनी पहिल्यांदा काय केलं असेल? रेडमधे सगळ्यात जास्त मार देणारे वॉरिअर भरले. पंधरा वर्षांचा हिशोब करून बसले होते ना. आता त्यातल्या बहुतेक लढाया एवढा कस काढल्याशिवायही पडत होत्या, पण सगळ्यात वेगानं पाडणाऱ्या ग्रुपसाठी लिहिलेली यादी खाली सगळ्यांनी नियम म्हणून लावून टाकली. बहुतेक गाइड अशाच असतात, डोंगराच्या टोकावर बसून लिहिलेल्या, आणि तू अजून रामटेकच्या पायऱ्यासुद्धा चढायला सुरुवात नाही केली.

तिसरी गोष्ट कोणत्याच गाइडमधे लिहिलेली नसते, कारण लिहिणारे आपल्या गावचे नसतात. पिंग, म्हणजे तुझं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. फायनल फँटसीचा भारतात सर्व्हरच नाही, जपान, अमेरिका, युरोप नाही तर २०२२ मधे सुरू झालेला ओशनियाचा. नागपुरातून माझं पिंग दीडशे ते दोनशे मिलिसेकंदाच्या खाली क्वचितच येतं. आता त्या गेममधे मुख्य वार साधारण अडीच सेकंदाला एक असतो आणि मधल्या जागेत दोन छोटी कौशल्यं बसवायची असतात. सर्व्हरच्या शेजारी राहणाऱ्याला दोन आरामात बसतात. आपल्याला दुसरं बसवताना पुढचा मुख्य वारच उशिरा निघतो, प्रत्येक वेळी थोडा थोडा, आणि आठ मिनिटांत त्याचं भरपूर होतं. म्हणजे ज्या क्लासमधे अशी बटणं खच्चून भरली आहेत तो कागदावर पहिला असेल पण नागपुरातल्या तुझ्या खोलीत पहिला नसतो. हळू, सावकाश बटणांचा क्लास घेतलास तर आकडा जास्त निघू शकतो. इथं मनमर्जी अन मेटा एकाच बाजूला येतात, फक्त गाइड वाचून कळत नाही, स्वतः दोन्ही खेळून मोजावं लागतं.

डीप रॉक, मॉन्स्टर हंटर वर्ल्ड असल्या गेममधे खेळाडूंपैकीच एक जण होस्ट असतो, म्हणजे गेम त्याच्या मशीनवरून चालतो, तिथं आपल्याच भागातला होस्ट शोध, पुण्याचा चालेल मुंबईचा चालेल, फरक लगेच दिसतो.

पायरी ६: आत शिरायच्या आधी बोल

अर्धी भांडणं इथंच संपतात आणि नवीन लोक नेमकं हेच करत नाहीत, लाजतात. वरच्या हिशोबात बघितलं ना, एकाची आवड टीमला पेलते, दोघांची नाही. मग बाकीच्यांना माहीत तर पायजे. लढाई सुरू व्हायच्या आधी एवढं लिहून टाक:

नवीन आहे, दोनदा ट्राय केलाय, अमुक क्लास घेऊन येतोय जो थोडा कमी मारतो, चालेल का? नसेल तर दुसरा पण येतो.

किंवा फक्त: आज शिकायला आलोय, घाई असेल तर सांगा, मी निघतो.

बस. याला नाही म्हणणारे असतात, त्यांचं नाही ऐकून वाईट वाटून घ्यायचं नाही, त्यांच्याकडे कदाचित आज तासभरच असेल. रागवायचा हक्क तेव्हाच जेव्हा त्यांनी हो म्हटलं आणि मधेच पलटले.

दुसऱ्याच्या ग्रुपमधे जातोस तेव्हा त्यानं वर काय लिहिलंय ते पण वाच रे. शिकणाऱ्यांसाठी, फक्त क्लिअर, फार्म असं लिहिलेलं असतं. फार्म म्हणजे सगळ्यांना पाठ असलेला बॉस परत परत पाडणं. फार्म लिहिलेल्या ठिकाणी पहिल्यांदा बॉस बघायला जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत शेवटच्या ताटाला येऊन स्वयंपाक शिकवा म्हणण्यासारखं आहे. तुला स्वतःची अट ठेवायची असेल तर स्वतः ग्रुप उघड. कोणी येत नाही असं वाटतं, पण रात्री दहानंतर येतात.

आणि हो, आपल्या सीटवर आधी कोण आहे ते बघायचं. टीममधे एक मनमर्जीवाला आधीच असेल तर त्या दिवशी तू मेटा घे, उद्या तो घेईल. आमच्याकडे आम्ही पाळी लावली आहे, घरी रिमोटसाठी लावतात तशीच.

पायरी ७: ओरडा बसला तर

बसणार आहे. पहिल्या महिन्यात एकदा तरी किक होशीलच, मी हेलडायव्हर्समधे विमान येण्याच्या बरोबर अर्धा मिनिट आधी किक झालोय, चाळीस मिनिटांचं मिशन, हाती काही नाही. काहून काढलं हे आजपर्यंत कळलेलं नाही.

ओरडणारा काय म्हणतोय ते ऐक, कसं म्हणतोय ते सोड. तो जर म्हणाला की फ्लेअर मार किंवा त्या लाल गोलातून बाहेर ये, तर तो बरोबर आहे, सुधार. तो जर म्हणाला की हे हत्यार कचरा आहे, तर त्याला विचार की या लेव्हलला ते चालत नाही असं म्हणतो की सगळ्यात भारी नाही असं म्हणतो. बऱ्याच जणांना हा फरक कोणी विचारलेलाच नसतो, गप्प बसतात.

आकडे घेऊन कोणाच्या अंगावर जाऊ नको. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधे डॅमेज मीटर लोक वर्षानुवर्षं उघड लावत आले, तिथं आकड्यावर बोलणं रोजचं आहे. फायनल फँटसीत मात्र बाहेरची असली साधनं वापरणं नियमातच बसत नाही, तिथं चॅटमधे कोणाला त्याचा आकडा ऐकवलास तर तक्रार तुझीच होईल. मॉन्स्टर हंटर वर्ल्डमधे तर दुसऱ्याच्या माराचे आकडे स्क्रीनवर येतच नाहीत. म्हणजे मी त्या रात्री मावसभावाला डॅमेज कुठाय डॅमेज कुठाय म्हणून ओरडत होतो तेव्हा मला त्याचा एकही आकडा दिसत नव्हता!

शिवीगाळ झाली तर म्यूट, ब्लॉक, पुढे. उत्तर द्यायला बसू नको, त्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अजून एक ट्राय होतो.

पायरी ८: आपली टोळी जमव

अनोळखी लोकांत मनमर्जी चालवायला प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागते. चार ओळखीचे असले की ते एकदाच ठरतं. म्हणून दोन-तीन आठवडे असेच खेळ आणि ज्यांच्यासोबत मजा येते त्यांना फ्रेंड लिस्टमधे टाक, आकडा बघून नको टाकू, हरल्यावर कसे बोलतात ते बघून टाक.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी ठरवा. आठवड्यातले कोणते दिवस सिरियस, म्हणजे ज्याला जे चांगलं जमतं तेच तो घेईल. कोणते दिवस टाइमपास, म्हणजे चौघंही ड्रिलर गेले तरी चालेल, आणि एकदा जाच, पूर्ण डोंगराची चाळण होते. तिसरं, किती वेळा हरल्यावर बदल करायचा. आमचा आकडा पाच आहे. पाच वेळा हरलो की प्रत्येक जण आपलं एक आवडतं सोडतो, पाचच्या आधी कोणी कोणाच्या हत्याराबद्दल ब्र काढायचा नाही.

आणि नागपूरचे असाल तर मे महिन्याचं वेगळं ठरवा. पंचेचाळीसच्या वर पारा, दुपारी लाइट कधी जाईल नेम नाही, कूलर माइकजवळ असला की टीमला हेलिकॉप्टर ऐकू येतं. एनरेजवाल्या लढाया रात्री अकरानंतर ठेवा. दुपारी फक्त असं काही खेळा ज्यात एक जण मधेच गायब झाला तरी बाकीच्यांचं नुकसान नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा, बिल्डवर तीन तास डोकं चालवण्यापेक्षा आमच्या ग्रुपला त्याचा जास्त फायदा झालाय, ताई तर म्हणते हाच आपला खरा मेटा.

मावसभाऊ परत आला, हे सांगायचं राहिलं. मीच घरी जाऊन बोलावलं. त्यानं अट घातली की मॉन्स्टर कुठं चाललाय, कोणाचा जीव कमी आहे एवढंच मी माइकवर बोलायचं, हत्याराचा विषय काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे पोहे माझ्याकडून. हॉर्न घेऊनच खेळतो, त्याच्या सुरानं आमच्या तिघांचा मार वाढतो अन डोक्यात बसत राहिलं की मॉन्स्टर चक्कर येऊन पडतो पण. काल चौथ्या ट्रायला माझ्या तोंडून निघालंच, अरे ते दुसरं हॉर्न घेतलं असतं तर. पाचवा व्हायचा होता अजून. सकाळी चार प्लेट झाल्या, त्यात त्याच्या एकट्याच्या दोन, तर्री वेगळी.